आतड्याचे अस्तर ‘गळते’ म्हणजे नेमके काय होते?

गोदाकाठ (नाशिक) यांचा प्रश्न

माझ्या धाकट्या भावाला, वय २६, तीन वर्षांपूर्वी अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याच्या अस्तराला दाह होऊन व्रण पडण्याचा दीर्घकालीन आजार) असल्याचे निदान झाले. त्या वेळी त्याला दिवसातून आठ-दहा वेळा शौचास जावे लागे, रक्त आणि आव पडे, आणि ही साधी रक्तआव आहे असे समजून आईने पहिले दोन महिने डाळिंबाच्या सालीचा काढा आणि कुड्याची पूड देण्यात घालवले. कोलोनोस्कोपी आणि बायोप्सीनंतर मेसालामाइन हे दाह कमी करणारे औषध सुरू झाले आणि तो बराच सावरला. मात्र गेल्या महिन्यापासून त्याला पुन्हा सकाळी तीन-चार वेळा जावे लागते आणि आव दिसते.

मध्यंतरी ओळखीतून एक आहार-सल्लागार भेटले. त्यांचे म्हणणे असे की, भावाचे आतडे ‘गळके’ झाले असून कोलायटिस हा त्याचा केवळ परिणाम आहे, म्हणून आधी ती गळती बुजवली पाहिजे. त्यासाठी त्यांनी झोन्युलिन नावाची रक्ततपासणी सुचवली, आणि ग्लुटामाइन व हळदीचा अर्क असलेली एक पूड तीन महिने घ्यायला दिली, जिचा महिन्याचा खर्च साडेचार हजार रुपये आहे. आमच्या डॉक्टरांना विचारले तर ते हसले आणि म्हणाले, “असे काही नसते.” परंतु मी वाचू लागले तेव्हा आतड्याचा अडसर, त्याची पारगम्यता (म्हणजे त्यातून पदार्थ किती आरपार जातात), या विषयांवर गंभीर संशोधन झालेले दिसले. म्हणजे असे काही तरी नक्कीच असते.

जाणकारांनी कृपया समजावून सांगावे: हा अडसर म्हणजे नक्की काय, तो आधी बिघडतो की आजारामुळे बिघडतो, आणि तो मोजता किंवा दुरुस्त करता येतो का? आणखी एक शंका आहे. आव म्हणजे आतड्याचा चिकट स्राव आणि तो संरक्षण करतो असे वाचले. मग भावाला आव पडते याचा अर्थ त्याचे संरक्षण वाहून जाते आहे, की शरीर जास्त संरक्षण तयार करते आहे? मला स्वतःला कोणताही त्रास नाही, तरी बहीण म्हणून मीही काही तपासणी करून घ्यावी का?

पोटपूजक (पोटविकारतज्ज्ञ, पुणे)

ताई, तुमच्या डॉक्टरांचे आणि त्या सल्लागारांचे, दोघांचेही म्हणणे अर्धे बरोबर आहे. ‘गळके आतडे’ या नावाचे निदान आम्ही करत नाही. परंतु आतड्याचे अस्तर पारगम्य होणे ही खरीखुरी, मोजता येणारी घटना आहे आणि कोलायटिस व क्रोन्स (पचनमार्गात कुठेही होऊ शकणारा, कोलायटिसच्या जातीचा दाहाचा आजार) या दोन्हींत ती घडते.

आतड्याच्या पोकळीत अब्जावधी जिवाणू असतात आणि त्यांच्यापासून काही शतांश मिलिमीटर अंतरावर शरीराच्या संरक्षक पेशींची छावणी असते. या दोहोंमध्ये पेशींचा फक्त एक थर आहे, एकाला एक लागून उभ्या असलेल्या पेशींचा, आणि तो थरही दर चार-पाच दिवसांनी जवळजवळ पूर्ण नवा होतो. दगडी बांधकामात दोन दगडांमधल्या फटींना गवंडी दर्जा म्हणतात आणि भिंतीत ओल शिरते ती बहुतेक वेळा दगडातून नव्हे, तर न भरलेल्या दर्जांमधून. आतड्याच्या दोन पेशींमधल्या दर्जा क्लॉडिन, ऑक्लुडिन अशा प्रथिनांनी बांधलेल्या असतात. फरक इतकाच की हे जोड जिवंत आहेत. गरजेनुसार ते सैल होतात आणि पुन्हा आवळले जातात. क्लॉडिनच्याही जाती आहेत. काही फट मिटवतात, तर क्लॉडिन-२ हे प्रथिन उलट सोडियम आणि पाण्याला जाण्यासाठी बारीक वाट तयार करते. तुमच्या भावाच्या आजारात मिटवणारी क्लॉडिन कमी होतात आणि क्लॉडिन-२ वाढते, त्यामुळे क्षार व पाणी आतड्याच्या पोकळीत झिरपते. जुलाबाचे हे एक कारण. जिथे व्रण पडतात तिथे तर दर्जांचा प्रश्नच उरत नाही, कारण भिंतच पडलेली असते.

आता आधी काय आणि नंतर काय. दाहाच्या वेळी संरक्षक पेशी टीएनएफ नावाचा संदेशक पदार्थ सोडतात आणि तो पेशींच्या आतील आकुंचनयंत्रणा चालू करून हे जोड खेचून उघडतो. उघडलेल्या जोडांतून जिवाणूंचे घटक आत जातात, ते पाहून संरक्षक पेशी आणखी टीएनएफ सोडतात. चक्र एकदा फिरू लागले की सुरुवात कुठून झाली हे रुग्णाकडे पाहून सांगता येत नाही. मात्र आजाराच्या आधीच अस्तर काहीसे सैल असू शकते याचा चांगला पुरावा क्रोन्सबाबत मिळाला आहे. कॅनडातून चालवलेल्या एका मोठ्या प्रकल्पात क्रोन्सच्या रुग्णांच्या १४२० निरोगी भावंडांची व मुलांची पारगम्यता मोजून ठेवण्यात आली आणि पुढे कित्येक वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले गेले. त्यांपैकी ५० जणांना क्रोन्स झाला. ज्यांची पारगम्यता सुरुवातीलाच जास्त होती त्यांच्यात ही शक्यता सुमारे तिप्पट होती. हे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. पण याच आकड्यांची दुसरी बाजूही पाहा: पारगम्यता जास्त असलेल्या बहुतेकांना आजार झालाच नाही. म्हणजे सैल अस्तर एकटे पुरत नाही, आणि ‘कोलायटिस हा केवळ परिणाम’ हे विधान टिकत नाही. शिवाय तो अभ्यास क्रोन्सचा होता, कोलायटिसचा नव्हे.

मोजण्याविषयी. त्या प्रकल्पात लॅक्टुलोज आणि मॅनिटॉल या दोन साखरा पाण्यातून पाजून पुढचे काही तास लघवी जमा करतात. मॅनिटॉलचा रेणू लहान, तो सहज शोषला जातो. लॅक्टुलोजचा मोठा, तो निरोगी अस्तरातून फारसा जाऊ नये. लघवीतील दोहोंचे गुणोत्तर वाढले तर अस्तर सैल. परंतु मोठ्या आतड्यात पोहोचताच तिथले जिवाणू या साखरा खाऊन टाकतात, त्यामुळे ही तपासणी मुख्यतः लहान आतड्याबद्दल बोलते, आणि तुमच्या भावाचा आजार मोठ्या आतड्यात आहे. झोन्युलिनची गोष्ट याहून वाईट आहे. झोन्युलिन हे हॅप्टोग्लोबिन-२ या प्रथिनाचे पूर्वरूप असल्याचे २००९ मध्ये दाखवले गेले. पुढे बाजारातील किट तपासले तेव्हा ते हे प्रथिन ओळखतच नाहीत, भलतेच काही मोजतात, असे आढळले. ज्यांच्या जनुकांत हे प्रथिन बनवण्याची सोयच नाही, त्यांच्या रक्तातही किट आकडा दाखवते! या तपासणीवर पैसे घालवू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे.

काचपट्टी

मी ऊतिविकृती प्रयोगशाळेत काम करतो, रुग्ण तपासत नाही; त्यामुळे फक्त आवेच्या शंकेबद्दल लिहितो, कारण ती शंका मला फार आवडली.

मोठ्या आतड्याच्या पेशींवर चिकट स्रावाचे दोन थर असतात. बाहेरचा सैल, त्यात जिवाणू सुखाने राहतात. आतला घट्ट, पेशींना चिकटलेला, आणि त्यात जिवाणू जवळजवळ नसतातच. हा आतला थर निर्जंतुकासारखा असतो हे स्वीडनमधील गोथेनबर्गच्या संशोधकांनी २००८ मध्ये उंदरांत दाखवले. इतक्या उशिरा का, तर आपण पेशीजाल नेहमी फॉर्मालिनमध्ये टाकतो आणि फॉर्मालिनच्या पाण्याने हा थर आक्रसून नाहीसा होतो. माझ्या हातून हजारो काचपट्ट्या गेल्या असतील, पण गॉब्लेट पेशींच्या, म्हणजे अस्तरातील स्राव बनवणाऱ्या पेशींच्या, वर ती पोकळी रिकामीच दिसायची आणि ती तशीच असते असे आम्ही धरून चाललो होतो. पहिल्यांदा पाण्याऐवजी मद्यार्क असलेल्या कार्नॉय द्रावात ठेवलेला तुकडा रंगवून पाहिला तेव्हा पेशींच्या रांगेवर निळसर, आडव्या पदरांचा पट्टा दिसला. सायीचे थर एकावर एक बसावेत तसा. त्या पट्ट्याच्या वरच्या कडेला जिवाणूंची गर्दी थांबलेली होती, आणि खाली एकही नव्हता.

हा थर म्यूक-२ या प्रथिनाचा बनतो आणि तो गॉब्लेट पेशी बनवतात. ज्या उंदरांत हे प्रथिन बनवणारे जनुकच काढून टाकले, त्यांना कोणी काहीही न करता आपोआप कोलायटिस झाला, हे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. माणसांत, सक्रिय अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये, गॉब्लेट पेशी कमी होतात, उरलेल्याही वेळेवर स्राव सोडत नाहीत, थर पातळ होतो आणि जिवाणू पार आत पेशींपर्यंत येतात. बायोप्सीच्या अहवालात ‘गॉब्लेट पेशींचा ऱ्हास’ अशा अर्थाची ओळ असेल तर ती हीच. भावाचा जुना अहवाल काढून पाहा.

आता आव. शौचातून दिसते ती आव म्हणजे हा घट्ट थर नव्हे. तिच्यात सुटलेला सैल स्राव, रक्तातून झिरपलेले द्रव्य, गळून पडलेल्या पेशी आणि पांढऱ्या पेशी म्हणजे पू, असे सगळे एकत्र असते. तेव्हा ‘संरक्षण वाहून जाते की जास्त तयार होते’ या दोन्हींपैकी नेमके एकही उत्तर नाही. जिथे थर असायला हवा तिथे तो विरळ झालेला असतो आणि जे बाहेर दिसते ते दाहाचे द्रव्य असते. आव जास्त पडणे हे शरीर भिंत लिंपून घेत असल्याचे चिन्ह मानू नये.

भाकरी-आमटी (सांगली)

मी डॉक्टर नाही. गेली नऊ वर्षे क्रोन्स सांभाळतो आहे. माझी पहिली नऊ महिने क्षयाची औषधे चालली, कारण लहान आतड्याच्या शेवटी, मोठे आतडे सुरू होते त्या सांध्यावर व्रण होते, आणि त्या जागी आपल्याकडे क्षयही तितकाच होतो. दोन्हींच्या गाठी, दोन्हींचे व्रण, अनुभवी तज्ज्ञांनाही चकवतात. त्याबद्दल माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. परंतु नंतर इन्फ्लिक्सिमॅब सुरू करण्याआधी पुन्हा क्षयाच्या तपासण्या कराव्या लागल्या, कारण हे औषध टीएनएफ दाबते आणि दबून बसलेला क्षय त्यामुळे उठू शकतो. भावाला कधी अशा औषधाची वेळ आली तर ही तपासणी टाळू देऊ नका.

पुडीबद्दल. मीही तसल्या तीन पुड्या घेतल्या आहेत. ग्लुटामाइनने निरोगी माणसाच्या पेशींना खाद्य मिळत असेल, पण क्रोन्समध्ये त्याने फायदा झाल्याचे चाचण्यांत दिसलेले नाही, असे मला माझ्या डॉक्टरांनी कागद दाखवून सांगितले. हळदीचे जरा वेगळे आहे. कोलायटिसमध्ये मेसालामाइनच्या जोडीला रोज ३ ग्रॅम कर्क्युमिन दिल्यावर सौम्य आजाराच्या रुग्णांना उपयोग झाल्याचे २०१५ मधील एका चाचणीत दिसले. दिल्लीच्या एम्समध्ये मात्र रोज ४५० मिलिग्रॅम देऊन पाहिले तेव्हा काही फरक पडला नाही. तुमच्या पुडीत किती आहे ते डब्यावर पाहा. जास्त मात्रेच्या हळदीच्या अर्काने यकृताला सूज येण्याची प्रकरणेही नोंदली गेली आहेत, म्हणून डॉक्टरांना न सांगता घेणे नकोच. आमटीतली हळद खुशाल खावी, ती औषध नव्हे.

एक चूक माझी स्वतःची सांगतो. गुडघा दुखतो म्हणून मी दुकानातून डायक्लोफिनॅक आणून आठवडाभर घेतले, आणि पंधरा दिवसांत रक्त सुरू झाले. पुढे कळले की आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या जातीच्या गोळ्या आतड्याचे अस्तर सैल करतात, चांगल्या माणसाचेसुद्धा. तेव्हापासून ताप-अंगदुखीला पॅरासिटामॉल, आणि तेही विचारून.

गोदाकाठ

तिघांचेही मनापासून आभार. काल संध्याकाळी भावाच्या खोलीत बसून त्याच्याशी सविस्तर बोलले आणि कपाट उघडून पाहिले. मेसालामाइनच्या अकरा पट्ट्या तशाच होत्या. पूड सुरू झाली त्या दिवसापासून त्याने गोळ्या बंद केल्या होत्या, कारण ‘मूळ कारणावर इलाज सुरू आहे, आता वरवरच्या औषधाची गरज नाही’ असे त्याला सांगण्यात आले होते. तारखा जुळवल्या तर त्रास परतला तो नेमका त्यानंतर पाच आठवड्यांनी. बायोप्सीच्या जुन्या अहवालात गॉब्लेट पेशींची ती ओळही सापडली.

डॉक्टरसाहेब, दोनच प्रश्न राहतात. मग अस्तर खरोखर बरे कशाने होते, आणि माझ्या स्वतःच्या तपासणीचे काय?

पोटपूजक

ताई, गोळ्या त्याने उद्यापासून आपल्या मनाने सुरू करण्यापेक्षा याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे. मात्रा बदलावी लागेल, कदाचित काही दिवस गुदमार्गे द्यायचे औषधही लागेल. सोबत शौचाची कॅलप्रोटेक्टिन तपासणी करावी. हे प्रथिन आतड्यात उतरलेल्या पांढऱ्या पेशींमधून येते, म्हणून ते दाह थेट दाखवते. ग्रॅममागे ५० मायक्रोग्रॅमच्या आत असेल तर चांगले, २५० च्या वर गेले तर आजार उठला आहे असे समजतो. नमुना देण्याआधीच्या दिवसांत दुखण्याच्या गोळ्या घेतल्या असतील तर तसे सांगावे, त्यांनी आकडा फुगतो. संसर्ग नाही ना, हेही त्याच वेळी पाहून घेता येईल.

अस्तर बरे होते ते प्रामुख्याने दाह शमल्याने. क्रोन्सच्या रुग्णांत इन्फ्लिक्सिमॅब दिल्यानंतर वाढलेली पारगम्यता खाली येते हे मोजून दाखवलेले आहे, आणि त्या औषधात अस्तराला चिकटवणारे असे काहीही नाही, ते फक्त टीएनएफ अडवते. दाह उतरला की नव्या पेशी येतात, जोड बांधले जातात, आणि स्रावाचा थरही पुन्हा जमू लागतो. मात्र याला वेळ लागतो, आणि लक्षणे थांबली म्हणजे भिंत पूर्ण झाली असे नाही. जर्मनीतील एर्लांगेन येथे लक्षणे शांत असलेल्या १८१ रुग्णांच्या शिरेत चमकणारे रंगद्रव्य सोडून, दुर्बिणीच्या टोकावरील सूक्ष्मदर्शकाने ते अस्तरातून आतड्यात पाझरते का हे पाहिले गेले. ज्यांच्यात पाझर नव्हता त्यांचा आजार पुढे कमी उसळला, आणि हे भाकीत कोलोनोस्कोपीतील दृश्यापेक्षा व बायोप्सीपेक्षाही अचूक ठरले. २०२३ चा हा अभ्यास आहे. आपल्याकडे रोजच्या कामात ही सोय नाही, पण बरे वाटू लागल्यावर गोळ्या सोडणाऱ्या प्रत्येक रुग्णाला मी हेच सांगतो.

आहाराबद्दल इतकेच, की मोठ्या आतड्याच्या पेशींचे मुख्य इंधन ब्युटिरेट आहे आणि ते जिवाणू तंतुमय अन्नापासून बनवतात. म्हणून आजार शांत असताना ज्वारीची भाकरी, शिजवलेल्या भाज्या, डाळी बंद करण्याचे कारण नाही. उसळला असताना मात्र कोंडा, सालपटे, बिया काही दिवस बाजूला ठेवाव्यात. पाकीटबंद पदार्थांत घट्टपणासाठी घालतात ती कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोजसारखी द्रव्ये उंदरांत जिवाणूंना स्रावाच्या थरात खोलवर शिरू देतात असे २०१५ मध्ये दिसले. माणसांबद्दल पुरावा अजून तोकडा आहे, तरी ती कमी करण्यात तोटा काहीच नाही.

तुमच्या तपासणीची गरज नाही. कोलायटिसच्या रुग्णांची बहुतेक भावंडे आयुष्यभर निरोगी राहतात, आणि पारगम्यता थोडी जास्त निघाली तरी ती पाहून आज कोणतेही औषध देता येत नाही. पंधरा दिवसांपेक्षा जास्त जुलाब, शौचातून रक्त, किंवा कारण नसताना वजन उतरणे, यांपैकी काही झाले तर मात्र डाळिंबाच्या सालीत दोन महिने घालवू नका. आणि त्या अकरा पट्ट्यांवरची मुदत पाहून ठेवा, डॉक्टरांकडे जाताना त्या सोबतच न्या.